धूर म्हणजे जोर नव्हे

बैलबाजारात चार जनावरे पारखून एक बैल दावणीस आणलेल्या कास्तकारास हे सांगावयास नको, की धापा टाकणारा व तोंडास फेस आणणारा बैल जोरकस नसतो. खरा दमदार बैल भरल्या गाडीस खांदा देतो तेव्हा त्याचा श्वास एकसारखा चालतो. चढणीवर तो क्षणभर थांबून पुन्हा पाय रोवील, पण उगीच फुसफुसणार नाही. ही पारख आपणांस पिढ्यान्‌पिढ्या आहे. परंतु दावणीच्या जागी डिझेलची पिकअप गाडी येऊन उभी राहिली, आणि ही पारख जणू आपण बाजारातच विसरून आलो. गाडीच्या मागून जितका काळा लोट निघेल तितका तिचा जोर अधिक, अशी समजूत पुष्कळ तरुण मालकांत दिसते. आणि तो लोट वाढावा म्हणून पदरचे पैसे मोजून गाडीत फेरफार करून घेणारेही आहेत. पांझरेपलीकडील देवपुराचा रस्ता असो की रावेर-यावलकडील केळीच्या मळ्यांची वाट असो, मागच्या सायकलवाल्याच्या तोंडावर असा लोट टाकून जाणारी गाडी ज्याने पाहिली नाही असा वाचक विरळा. या समजुतीत तथ्य किती, आणि तिची किंमत कोण भरतो, याचा विचार शेतकरी वर्गाने स्वतःच करावा, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम, धूर वाढवितात कसा ते पाहू. जुन्या धर्तीच्या डिझेल इंजिनात इंधन सोडणारा एक पंप असतो. एका वेळी जास्तीत जास्त किती डिझेल सोडावयाचे, याची मर्यादा कारखान्यातच एका स्क्रूने बांधून त्यावर सील केलेले असते. गॅरेजवाला ते सील तोडतो, स्क्रू फिरवितो, आणि ‘पंप वाढविला’ असे सांगून पैसे घेतो. अलीकडच्या गाड्यांत हे काम संगणकाकडे असते. तेथे स्क्रूऐवजी त्याची आज्ञावली बदलतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी.एस.-६ नियमांच्या गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. फेरफार करणारे तीही काढून टाकतात, किंवा आतून पोकळ करून वरचे कवच तेवढे ठेवतात. कृती कोणतीही असो, परिणाम एकच, की इंजिनात येणाऱ्या हवेच्या मानाने डिझेल अधिक जाऊ लागते.

येथे चुलीचा साधा नियम लावून पाहावा. चुलीत हवेस वाट न ठेवता काटक्या कोंबल्या, तर जाळ वाढत नाही, घर धुराने भरते. इंजिनाचेही तसेच आहे. एक किलो डिझेल पुरते जळावयास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरास दहा हजार लिटरांच्या आसपास हवा खर्ची पडते. सुस्थितीतील डिझेल इंजिन याहूनही अधिक हवा आत ओढते, आणि म्हणूनच त्याचा धूर डोळ्यांस फारसा दिसत नाही. पंप वाढविला म्हणजे डिझेल वाढले. हवा मात्र पूर्वीइतकीच. तेव्हा जादा डिझेलातील कर्बास प्राणवायू मिळत नाही, आणि तो काजळी होऊन बाहेर पडतो. पंप वाढविल्याने गाडीची ओढ मुळीच वाढत नाही असे आम्ही म्हणत नाही. जोपर्यंत हवा शिल्लक आहे तोपर्यंत थोडी ओढ वाढेल. परंतु काळा धूर दिसू लागला, की ती सीमा ओलांडली असे समजावे. त्यापुढे प्रत्येक थेंब जोरात जात नाही, धुरात व उष्णतेत जातो.

ज्याचे नाव या इंजिनास पडले त्या रुडॉल्फ डिझेलचा सारा खटाटोप इंधन वाचविण्याकरिता होता. त्या काळची वाफेची यंत्रे कोळशातील उष्णतेचा दहावा हिस्सा मोठ्या मुश्किलीने कामी लावीत. १८९७ साली जर्मनीत औग्सबर्ग येथे त्याच्या इंजिनाची चाचणी झाली, तेव्हा त्याने उष्णतेचा चौथा हिस्सा, किंबहुना थोडा अधिकच, कामी लावून दाखविला. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात असे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले होते, ही गोष्ट भुईमूग पिकविणाऱ्या आपल्या भागास कौतुकाची वाटेल. महाराष्ट्रात १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. पुढे गावोगावच्या विहिरींवर मोटेच्या जागी इंजिने बसली, तीही थोड्या तेलात पुष्कळ पाणी उपसतात म्हणूनच. थेंबाथेंबाचा हिशेब हा ज्या यंत्राचा मूळ धर्म, त्याच्याकडून मुद्दाम तेल वाया घालवून घेणे, आणि त्यास मर्दुमकी म्हणणे, यासारखा उलटा न्याय दुसरा नसेल.

आता वहीतील हिशेब मांडू. समजा, एक पिकअप वर्षात २४,००० किलोमीटर चालते व लिटरास १२ किलोमीटर देते. तिला २,००० लिटर डिझेल लागेल. पंप वाढविल्यावर ती लिटरास १० किलोमीटरच देऊ लागली, तर २,४०० लिटर लागेल. भाव लिटरास ९० रुपये धरला, तर ४०० लिटरांचे ३६,००० रुपये होतात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. ज्याने त्याने आपल्या गाडीचे आकडे घालून पाहावे. कोणी म्हणेल, एवढे डिझेल काय धुरातून उडून जाते? तसे नाही. बाहेर दिसणाऱ्या काजळीचे वजन केले तर ते थोडेच भरेल. पण ती काजळी ही आत काय बिघडले आहे याची खूण आहे. उरलेले डिझेल उशिरा व अर्धवट जळते, आणि त्याची उष्णता चाकास न लागता नळीवाटे निघून जाते.

याशिवाय इंजिनाची झीज निराळी. काजळी इंजिन ऑइलात उतरून ते लवकर काळे व दाट होते; जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइलाचा पातळ थर धुऊन नेते, आणि रिंगा व सिलिंडर घासू लागतात; चढणीवर नळीतील धुराची उष्णता बेसुमार वाढून टर्बो व पिस्टन यांवर बेतते. हा खर्च पहिल्या महिन्यात दिसत नाही. तो दोन-तीन हंगामांनी एकदम पुढे येतो, आणि तेव्हा मालक गाडीच्या कारखान्यास दोष देतो. फेरफार केलेल्या गाडीची हमी कंपनी पाळीत नाही, हेही त्याच वेळी कळते.

ही हौस आली कोठून, हे जाणून घेण्यासारखे आहे, कारण तिचे मूळ शेतकऱ्यांच्याच एका खेळात आहे. अमेरिकेत खेड्यापाड्यांच्या जत्रांतून व शेतकी प्रदर्शनांतून जड ओझे ओढण्याच्या ट्रॅक्टरांच्या व मालगाड्यांच्या शर्यती होतात. शर्यत जिंकण्याकरिता चालक इंजिनात बेसुमार डिझेल सोडीत, आणि ओढ लागली की धुराचा काळा स्तंभ वर उठे. प्रेक्षकांनी त्या स्तंभासच जोर समजून टाळ्या पिटल्या. पुढे ओझे राहिले बाजूस, शर्यत राहिली बाजूस, आणि केवळ धूर काढण्याकरिता रस्त्यावरच्या पिकअप गाड्यांत फेरफार होऊ लागले. तिकडे यास ‘रोलिंग कोल’ म्हणतात. सायकलस्वार, पायी जाणारे, विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील लोक यांच्या अंगावर धूर सोडून हसणे, हा तिचा पुढचा टप्पा. २०१५ साली न्यू जर्सी राज्याने यावर कायद्याने बंदी घातली, आणि २०१७ साली कोलोरॅडोनेही. तेथील पर्यावरण खात्याने २०२० साली काढलेल्या अंदाजात, सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची धूर रोखणारी साधने काढून टाकण्यात आली होती, असे म्हटले आहे. २०२१ साली टेक्सासमध्ये एका पोरवयाच्या चालकाची पिकअप सरावास निघालेल्या सहा सायकलस्वारांवर आदळली. तो त्यांच्यावर धूर सोडीत होता, असे पाहणाऱ्यांनी सांगितले. खेळातून खोडी, आणि खोडीतून अपघात, असा हा क्रम आहे. आपल्या पोरांच्या हातांतील मोबाइलवर यांची चित्रे रोज येतात. शेवट मात्र त्यांत दाखवीत नाहीत.

आपल्या देशात कायदा नाही असे कोणी समजू नये. धुराचा उपद्रव हा गुन्हा, हे तत्त्व आपल्या प्रांतास नवे नाही. मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाविरुद्धचा कायदा १९१२ सालीच झाला होता, जरी तो भट्ट्या व कारखाने यांपुरता होता. आज १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये गाडीच्या मूळ रचनेत परवानगीवाचून फेरफार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारास मालकास ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठरविली आहे. धुराची मर्यादा मोडल्यास पहिल्या गुन्ह्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि तीन महिने परवाना रद्द, अशी तरतूद आहे. परंतु आमचे म्हणणे दंडावर उभे नाही. शिपाई नाक्यावर नसला म्हणजे दंडाचे भय सरते. शहाणपण मात्र शिपायावाचूनही टिकावयास हवे.

कारण या धुराचा मोठा भाग आपल्याच घरात राहतो. गाडी अंगणात तापते, खळ्यात वळते, मळ्याच्या अरुंद वाटेने सरकते. तिच्या मागे फळीवर सालदार व हमाल बसलेले असतात, आणि धुराची नळी त्यांच्या पायांशी असते. या काजळीचे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाहूनही बारीक, आणि पुष्कळसे तर त्याहून कितीतरी सूक्ष्म. ते नाकाच्या केसांत अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर मनुष्यास कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या वर्गात घातला. तंबाखूचा धूर व ॲस्बेस्टॉस त्याच वर्गात आहेत. हा वर्ग पुराव्याच्या खात्रीचा आहे, मात्रेचा नव्हे. पण खात्री पटल्यावरही मात्रा मुद्दाम वाढवीत जाणे हे कोणत्या शहाण्याचे लक्षण? घरातील बायांच्या डोळ्यांतील चुलीचा धूर जावा म्हणून आपण निर्धूर चुली बसविल्या, २०१६ पासून उज्ज्वला योजनेचे गॅस सिलिंडर घेतले. आणि स्वयंपाकघरातून बाहेर घातलेला धूर घरधनी आता अंगणातून परत आत आणतो, हे शोभत नाही.

केळी बागायतदारांकरिता आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. धुरी देऊन केळी पिकविण्याची जुनी रीत आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. धुरी लागते ती धुरातील इथिलीन नावाच्या वायूमुळे. हल्लीच्या पिकवणीच्या खोल्यांत तोच वायू मोजून सोडतात. हा वायू इंजिनाच्या धुरातही असतो, आणि हिरव्या केळीस तो अत्यल्प प्रमाणातही लागू पडतो. म्हणूनच फळे साठविण्याच्या जागी चालू इंजिन उभे करू नये, असे शास्त्र सांगते. मोकळ्या रस्त्यावर वारा हा वायू उडवून नेतो. परंतु पॅकिंगच्या बंदिस्त शेडमध्ये काळा धूर सोडणारी गाडी तासभर चालू ठेवणे म्हणजे दिल्लीपर्यंत हिरव्या जावयाच्या घडांस येथेच धुरी देणे होय. मग वाटेत माल पिवळा पडला, आणि व्यापाऱ्याने भाव तोडला, तर त्यात आपला हिस्सा किती, हे ज्याचे त्याने पाहावे.

यावर आक्षेप येतात, आणि त्यांपैकी काही खरे आहेत. पहिला आक्षेप असा, की ओझे जड असते, लळिंगचा घाट चढावयाचा असतो. पंप वाढविल्यावाचून गाडी चढत नाही. त्यास उत्तर हे, की पाऊण खेपेचे भाडे वाचविण्याकरिता दीड खेपेचा माल भरावा, आणि मग गाडीस दुबळी म्हणावे, हा न्याय आपण बैलासही लावीत नव्हतो. गाडी खरोखरच ओझ्याखाली अवघडत असेल, तर प्रथम हवेची जाळी, नोझल, व्हॉल्व्ह व टर्बोच्या नळ्या पाहाव्या. पुष्कळदा धुळीने बुजलेली जाळी साफ करताच जे काम होते, तेच काम आपण पंप वाढवून, म्हणजे रोगावर रोग चढवून, करू पाहतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. बी.एस.-६ गाडीतील काजळीची गाळणी वेळोवेळी स्वतः तापून साचलेली काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी बराच वेळ एका गतीने धावावी लागते. शेत ते गाव, गाव ते बाजार, अशा तुटक व संथ फेऱ्यांत तिला ती संधी मिळत नाही. मग दिवा लागतो, गाडीचा जोर कमी होतो, आणि नेमक्या काढणीच्या दिवशी गाडी जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावी लागते. ही अडचण खरी आहे, आणि तिचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे बरोबर नाही. ज्यांनी खेड्यात गाड्या विकल्या, त्यांनी खेड्याच्या फेऱ्या ध्यानात घेऊन तालुक्यास सेवा द्यावी, व गाडी देतानाच गाळणी कशी मोकळी करावी हे मराठीत समजावून सांगावे, ही मागणी आपण संघाच्या नावाने जोरात केली पाहिजे. परंतु गाळणी कापून टाकणे हे या अडचणीचे उत्तर नव्हे. खेटर चावते म्हणून कोणी पाय कापीत नाही.

तिसरा आक्षेप असा, की शहरांतील कारखाने व मोठ्या मालमोटारी कितीतरी अधिक धूर सोडतात. मग एकट्या शेतकऱ्यासच उपदेश का? या तक्रारीत तथ्य आहे. परंतु जो स्वतः हौसेने धूर काढतो, त्याच्या तोंडी ही तक्रार शोभत नाही, आणि कोणी ती ऐकतही नाही. उद्या शेजारच्या गिरणीच्या धुराड्याविरुद्ध अर्ज द्यावयाचा, तर आपली नळी अगोदर स्वच्छ असावी.

या बाबतीत आपणांस परक्या मुलखाकडून धडा घ्यावयाचे कारण नाही. पांझरेच्या काठी आपल्या वाडवडिलांनी फडपद्धत चालविली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यापासून पाट, पाटाखाली फड, आणि फडात कोणते पीक घ्यावयाचे ते सर्वांनी मिळून ठरवावयाचे. पाणी सोडणारा पाटकरी सर्वांचा. वरच्या शेताचा धनी कितीही मोठा असला, तरी त्याने पाळीवाचून दारे फोडावे हे गाव चालवून घेत नसे. पाणी एकाचे नव्हे, ही जाणीव त्या व्यवस्थेच्या मुळाशी होती. हवेस पाट नाही आणि पाटकरीही नाही, एवढाच काय तो फरक. पण तीही एकाच्या मालकीची नव्हे. जो दुसऱ्याच्या पाळीत दारे फोडतो त्यास आपण चोर म्हणतो. जो दुसऱ्याच्या श्वासात काजळी सोडतो त्यास आपण हौशी म्हणतो. ही विसंगती आपण काढून टाकली पाहिजे.

करता येईल ते असे. आखाजीच्या सुमारास, मृगापूर्वी, शेतीची कामे थोडी सैल असतात. त्या वेळी संघाने प्रत्येक मोठ्या गावी धूरतपासणीचा एक दिवस ठेवावा. गाडी उभी करून, गिअर न टाकता, पेडल पूर्ण दाबावयाचे, व नळीतून निघणारा धूर प्रकाशास किती अडवितो हे यंत्राने मोजावयाचे, अशी ही साधी चाचणी आहे. हार्ट्रिजच्या मापाने जुन्या डिझेल गाड्यांस ६५ व बी.एस.-४ गाड्यांस ५० ही मर्यादा नियमांत आहे. पी.यू.सी.चा कागद मिळविण्यापुरती ही चाचणी न उरकता, ती गाडीच्या नाडीपरीक्षेसारखी करावी. ज्याची गाडी मर्यादेबाहेर जाईल त्यास दंड नको, तर कारण शोधून द्यावे. सोबत विश्वासू कारागीर असावा. जो पंपाचे सील तोडणार नाही आणि तोडलेले सील पुन्हा मापाने बसवून देईल, अशाच गॅरेजात संघाच्या सभासदांनी आपल्या गाड्या न्याव्या. चालक, सालदार व घरातील तरुण मुले यांस त्या दिवशी मुद्दाम बोलवावे; कारण धुरास जोर समजण्याची चूक बहुधा वीस वर्षांच्या वयात होते, आणि इंजिनाचा खर्च मात्र साठ वर्षांच्या बापास भरावा लागतो.

भरल्या ओझ्याची गाडी घाट चढून जावी आणि मागच्या माणसास नाक दाबावे लागू नये, यात चालकाचे कसब आहे आणि मालकाची अब्रू आहे. गावात कोणाची गाडी उत्तम, अशी चर्चा निघेल तेव्हा लोकांनी तिच्या धुराकडे न पाहता तिच्या डिझेलाच्या वहीकडे पाहावे. ती वही जो अभिमानाने उघडून दाखवील, त्याच्याच गाडीत खरा जोर आहे असे समजावे.